हात कुठे होता

“हाथ कहाँ रखा था? करके दिखाइए.”

भरलं कोर्ट. समोरचा वकील विचारत होता. मी माझा हात माझ्याच मानेवर ठेवला. मग पाठीवरून खाली नेला. मागे कुणीतरी हसलं. न्यायाधीशांनी त्याला गप्प केलं नाही.

नव्वदनंतरची वर्षं. नागपूरच्या वस्तीतून मी लखनौला एका सरकारी कंपनीत टायपिस्ट म्हणून आले होते. ऑफिसात मराठी मी एकटीच. डिक्टेशनला बोलावून साहेब दार लावून घ्यायचे. एके दिवशी मी ओरडत बाहेर आले आणि थेट पोलिसांत गेले.

कोर्टात साहेबांचा वकील म्हणाला, “कोटे से आई हैं, हुज़ूर. काम आता नहीं, साहब ने डाँट दिया.”

ऑफिसांसाठी काही नियम घालून द्या, असं मी विनवलं. न्यायाधीश मला म्हणाले, “दफ़्तर के क़ायदे बनाना अदालत का काम नहीं, बेटी.”

बेटी म्हणाले. साहेब सुटले.

लखनौच्या महानगर भागातल्या माझ्या खोलीत केस विंचरताना हात मानेवर जायचा आणि मी थिजायचे. साहेबांचा स्पर्श पुसट होत गेला. कोर्टात फिरवलेला माझाच हात मात्र अंगावरून जाईना. अजून जात नाही.

मग दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयानं ऑफिसात होणाऱ्या बायकांच्या छळाबद्दल सांगितलं, संसद कायदा करेपर्यंत आमचे हे नियमच कायदा. प्रत्येक ऑफिसात तक्रार समिती हवी, प्रमुख बाई हवी, बाहेरची एक सदस्य हवी. पेपर वाचून मी रडले. म्हणजे न्यायाधीशांना हे करता येत होतं.

साहेब तोवर बढती घेऊन वर बसले होते. दार पुन्हा लागायला लागलं. मी पुन्हा तक्रार केली.

समितीत तिघं. तिघंही साहेबांच्या हाताखालची. प्रमुख मॅडमनी चहा मागवला. हळूच म्हणाल्या, “लिख दो, ग़लतफ़हमी हुई थी. मेरी सी.आर. भी वही लिखते हैं.”

त्यांचा वर्षाचा गोपनीय अहवालही साहेबांच्याच हातात; चेहरा उतरला होता. मला त्यांची कीव आली. तरी तोंडातून मराठीच निघालं, “नाही लिहिणार.”

“क्या?”

“नहीं लिखूँगी. बाहर की मेंबर कहाँ है?”

दिल्लीचे न्यायाधीश या खोलीत येऊन बसणार नव्हते. त्यांचा नियम इथं माझ्याच तोंडून बोलला जाणार होता, नाहीतर मुकाच राहणार होता.

“उन्हें बुलाइए,” मी म्हणाले. “फिर बयान दूँगी. पूरा. और हाथ से कुछ नहीं दिखाऊँगी.”