न पिकलेलं गळू

काष्टी गावात कुणाला गळू झालं की तो डॉक्टरच्या आधी गोजरबाईच्या ओट्यावर येऊन बसायचा. बाई तोंडानं तिखट. "आता आलास व्हय? हात झडून पडल्यावर यायचं हुतंस," असं म्हणत ती जवसाची गरम पोटीस बांधायची. चार दिवसांत गळू पिकायचं, फुटायचं, हिरवट पू वाहून जायचा. पू दिसला की बाई खूश. "आला भाईर. आता मरत न्हाईस," हे तिचं ठरलेलं बोलणं.

बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्यांची तर तिच्या दारी रीघच लागली. अन् दैवाची थट्टा बघा, नेमकं तेव्हाच तिच्या एकुलत्या लेकीच्या, छबूच्या काखेत गळू उठलं. बाईनं आधी मनावर घेतलं नाही. अख्ख्या गावाची गळवं जिनं पिकवली, तिला त्याचं काय अप्रूप? पण कितीही पोटीस बांधली तरी गाठ पिकेना. लालभडक, टणक, अन् पोरगी तापानं फणफणलेली. बाईनं कांदा भाजून बांधला, हळद बांधली, शेवटी देव बदलून पाहिले. दिव्याखाली अंधार, असं लोक माघारी म्हणू लागले.

तेव्हा कुठं तिनं छबूला नगरच्या मोठ्या दवाखान्यात आणलं. तिथल्या तरुण डॉक्टरनं रक्त काढलं, काचेवर पसरून रंगवलं, पुण्यालाही पाठवलं. मग बाईला बाजूला घेऊन बसवलं.

"मावशी, रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्यांच्या पोटात एक हिरवा रस असतो, पेरॉक्सिडेज नावाचा. तो जंतू मारायला मदत करतो. पुवाला हिरवी झाक येते ती त्याचीच. छबूच्या पेशी कच्च्याच राहतात, त्यांच्यात तो रस भरतच नाही. रक्ताचा कॅन्सर आहे हा."

"मग तो रस द्या की तिला."

"बाहेरून देता येत नाही. अजून शोधच चाललाय त्याच्यावर."

कॅन्सर हा शब्द बाईच्या कानावरून गेला. डोक्यात राहिला तो हिरवा रस. पोरीच्या अंगात तो नाही, अन् गावात तर घरोघरी वाहतोय! दुधाला दह्याचं बोट लावलं की भांडंभर दही लागतं, मग हे का लागणार नाही? बुडत्याला काडीचा आधार, दुसरं काय. छबूला शेजारच्या खाटेवरच्या बाईवर सोपवून ती सकाळच्या एस.टी.नं काष्टीला गेली. तिच्या भाच्याच्या, सूर्यभानच्या, अंगठ्याचं गळू पिकून तयार होतं. तिनं ते फोडलं अन् कापसावर पू टिपून डबीत घातला.

"आत्या, हे कशाला?" सूर्यभाननं विचारलं.

"गप बस," ती म्हणाली, अन् दुपारच्या गाडीनं परत फिरली.

वॉर्डात तिनं छबूची पट्टी सोडली, डबी उघडली.

"काय लावती, आये?"

"विरजण."

छबूनं पुढं काही न विचारता हात वर केला. आईच्या हातावर तिचा भरवसा होता. तेवढ्यात मागून आलेल्या डॉक्टरनं बाईचं मनगट धरलं. डबीत काय आहे ते पाहून त्याचा चेहरा उतरला.

"मावशी, यात मेलेल्या पेशी अन् जिवंत जंतू आहेत. हे लागलं तर पोर आजच जाईल."

बाई तिथंच खाली बसली. पोरीला आपणच मारणार होतो, हे तिला आता कळलं. "मग काय करू, तुमीच सांगा," ती म्हणाली. "मला दुसरं कायबी येत न्हाई."

डॉक्टरनं डबी तिच्या हातातून घेऊन झाकण लावलं. "मलाही येत नाही," तो म्हणाला.

आठवडाभरात छबू गेली. गाठ शेवटपर्यंत तशीच टणक होती.

काही दिवसांनी गावातला कोंडीराम मांडीवरचं गळू घेऊन ओट्यावर आला. बाई त्याला बोलली नाही, रागावली नाही, मुकाट पोटीस बांधत राहिली. गळू पिकलं, फुटलं, हिरवा पू भळाभळा वाहिला. कोंडीराम तिच्या ठरलेल्या बोलण्याची वाट बघत बसला होता. बाईनं कापूस हातात धरला तो खाली ठेवीचना.

"तिला एवढंच पायजे हुतं," ती म्हणाली.