आपला पेला आपण भरायचा नाही

मिरज स्टेशनवर गाडी हलली तेव्हा आई खिडकीला धरून चार पावलं चालली आणि म्हणाली, “आता घाईनं येऊ नकोस हो. तिकडचं घर बघ आधी.” माझं नुकतंच लग्न झालं होतं. हे जर्मनीत लुडविग्सहाफेनला केमिस्ट होते, मी त्यांच्याकडे निघाले होते. पुढे प्रत्येक खेपेला निघताना आई हेच म्हणाली आणि प्रत्येक खेपेला मी पोचले, तेव्हा गच्चीवर माझ्या वाटणीचे सांडगे वाळत होते. ‘येऊ नकोस’ म्हणजे ‘परत कधी येशील’, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

जर्मनीत ही विद्या कुचकामी ठरली. शेजारणीनं पहिल्यांदा केक पुढे केला, मी रीतीप्रमाणे नको म्हटलं आणि तिनं ताटली खरोखरच मागे घेतली. पोटात कावळे ओरडत होते. संध्याकाळी ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, “अगं, इथं आग्रह नसतो. हवं तर हो म्हणायचं.” मी शिकले, पण केकपुरतंच.

आमची सई तिथेच वाढली. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. ‘नाइन हाइस्ट नाइन’, नाही म्हणजे नाही, हे ती किंडरगार्टनमध्येच शिकून आली. समोरच्याचं ‘नको’ तिकडे मान ठेवून ऐकतात. वाईट काय आहे त्यात? मलाही तेव्हा कौतुकच वाटलं होतं.

नोकरीनिमित्त सई जपानला, ओसाकाला गेली आणि त्याच हिवाळ्यात हे गेले. सगळे विधी आटोपल्यावर तिनं विचारलं, “आई, मी परत येऊ का तुझ्याजवळ?” मी म्हटलं, “नको गं. तुझी नोकरी बघ. माझं काय, चाललंय.” ती माझ्याकडे नीट बघून म्हणाली, “गूट. ओके, आई.” आणि गेली. ती दुसऱ्यांदा विचारेल म्हणून मी बरेच दिवस थांबले होते.

पुढच्या ऑक्टोबरात तिनं मला ओसाकाला बोलावलं. हिरोशिमाजवळच्या एका गावात साकेचा, म्हणजे तिकडच्या तांदळाच्या दारूचा, उत्सव होता, तिथे आम्ही बुलेट ट्रेननं निघालो. गाडी ठरल्या मिनिटाला सुटली. आमच्या जर्मन गाड्यांचा हल्लीचा उशीर आठवून आम्ही दोघी हसलो. बाहेर कापणीला आलेली भातशेतं पळत होती, मांडीवर डब्यातला गार भात होता. सई खिडकीशी डुलकी काढत होती, तिच्या बापासारखी, तोंड किंचित उघडं ठेवून. हा प्रवास संपू नये असं मला फार वाटलं.

गाव म्हणजे पांढऱ्या भिंती आणि विटांची उंच धुराडी. आमच्याकडे दारूची भट्टी म्हटलं की लोक पदर सावरून रस्ता बदलतात, इथे आजीबाई नातवंडांना घेऊन रांगेत उभ्या. भट्टीच्या आत तांदूळ वाफवत होते. तो वास आला आणि मला एकदम आईचं स्वयंपाकघर आठवलं.

अंगणात चटयांवर सगळे दाटीनं बसले होते. सईनं सांगितलं, “इथे आपला पेला आपण भरायचा नाही. दुसऱ्यानं भरायचा.” शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी माझा इवलासा पेला भरला. मी चाखला, संपवला. त्यांनी पुन्हा बाटली उचलली. मी हात आडवा धरून नको नको म्हटलं. ते हसले, थांबले, पुन्हा बाटली पुढे केली. मी हात काढला. कित्येक वर्षांनी कुणीतरी मला आग्रह करत होतं, माझे डोळे भरून आले. तेवढ्यात सईनं त्यांना जपानीत काहीतरी सांगितलं. त्यांनी लाजून मान लववली आणि बाटली खाली ठेवली.

“मी सांगितलं त्यांना, तू नको म्हणालीस म्हणून,” सई म्हणाली. किती काळजीनं म्हणाली.

परतताना विमानतळावर तिनं साकेची बाटली माझ्या हातात दिली. “ख्रिसमसला येऊ का?” ‘ये’ एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, “बघ बाई. तुझं काम सांभाळून.” ती म्हणाली, “गेनाऊ,” म्हणजे अगदी बरोबर, “काम खूप आहे.”

मिरजेहून निघालेल्या आणि मिरजेतच राहिलेल्या माझ्या माणसांनो, घर म्हणजे काय असं तुम्ही विचारता, म्हणून हे लिहायला बसले. जिथे माझ्या ‘नको’वर कुणाचा विश्वास बसत नव्हता, ते घर. मुलीसाठी तसं घर करायचं माझ्याकडून राहून गेलं.

परवा तिचा फोन आला. “बाटली उघडलीस?”

“नाही अजून. भरून कोण देणार?”

ती म्हणाली, “आवडत नसेल तर देऊन टाक कुणाला. मला वाईट नाही वाटणार.”

मी “बरं” म्हटलं. त्या ‘बरं’वर विश्वास न ठेवणारी एकच बाई होती, आणि तिचं मिरजेतलं घर बंद होऊनही आता बरीच वर्षं झाली.