हिंदुराव भावजींचा अँटेना

या, अशा जवळ या. तिकडं उंबऱ्याला टेकून, एक डोळा मोबाइलवर ठेवून कुणी गोष्ट ऐकतं का? घाला तो खिशात. मेढ्याच्या पुढं खिंड ओलांडली की तो नुसता तोंड बघायचा आरसा. आमच्या खोऱ्यात बोलायचं तर तोंडानं, नाहीतर हिंदुराव भावजींच्या काठीनं.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. फौजेत बिनतारी संदेशाच्या कामावर हवालदार होते. पेन्शनीत आले ते आमच्याच घरी राहिले. लग्न केलंच नाही. त्यांची एक खोड होती. कुणाच्याही दारात गेले की आधी छपराकडं बघायचे, मग माणसांकडं. माझ्या लेकासाठी शिराळ्याला मुलगी बघायला गेलो, तेव्हाही हे अंगणातच मान वर करून उभे. मुलीचा बाप बावरला. “पाव्हणं, कौलं गळत न्हाईत आमची!”

“कौलं ऱ्हाऊ द्या वो. त्या कोपऱ्यात अँटेना उभा केला, तर आवाज पार डोंगराच्या पल्याड जाईल.”

आत मुलगी हसू दाबत होती. तीच आज माझी सूनबाई.

भावजींची थोरली बहीण आक्का वरच्या पठारावर एकटी राहते. तिचा मुलगा अशोक सांगलीला नोकरीला. “आई, पडलीस-झडलीस तर आम्हाला कळायचं कसं? फ्लॅटवर चल,” असा त्याचा धोशा. आक्का म्हणायची, “आन् म्हस कुटं बांधू? ग्यालरीत?”

शेवटी भावजींनी तोड काढली. लायसन न लागणारे, जवळच्या अंतराचे दोन सीबी रेडिओ. एक वर आक्काकडं, एक खाली आमच्याकडं. सकाळी धार काढून झाली की आक्कानं बोलायचं. अशोक तयार झाला, पण अट घालून. “मामा, ज्या सकाळी आईचा आवाज यायचा नाही, त्या दिवशी तिला सांगलीला न्यायची. पुन्हा वाद नाही.”

“कबूल,” भावजी म्हणाले.

दुकानदार चकचकीत, दिव्यांचे सेट दाखवत होता. भावजींनी जुनी, ओबडधोबड जोडी उचलली. “वैनी, आक्काच्या हाताला शेण असतंय. बारकी बटनं काय कामाची?” चॅनल बदलायचं चक्र त्यांनी लाखेनं चिकटवून टाकलं, बोलायच्या बटणावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला. मोकळा असला की सेट चरचरायचा. आक्का त्याला फोडणी म्हणायची. “हिंदू, आज फोडणी लय करपलीया!” म्हणजे भावजींनी समजायचं, वायरीच्या जोडात पाणी शिरलं. मग पॉलिश पेपर आणि टेप घेऊन ते वर निघायचे. “पाणी आन् चहाडी, दोन्ही फटीतनंच शिरत्यात,” म्हणायचे.

पण त्यांचा खरा जीव अँटेनावर. ॲल्युमिनियमच्या एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या, आणि बुडाशी बिजागरी, दुरुस्तीला आडवा घेता यावा म्हणून. काठीची लांबी बरोबर जुळली की मीटरचा काटा खाली पडायचा; तोवर आतली नळी वर-खाली करत बसायचे. “सेट म्हंजे नुसतं तोंड, वैनी. नुसत्या तोंडावर पुढारी हुता येतंय, रेडिओ न्हाई.”

रोज सकाळी आक्का विचारायची, “ऐकू येतंय का रं?” आणि भावजींचं ठरलेलं उत्तर, “आवाज साफ, माणूस खुशाल.”

एका पाडव्याला अशोक आमच्याकडं मुक्कामाला होता, सकाळी वर जाणार म्हणून. धारेची वेळ टळली. भावजींनी हाका मारल्या. नुसती फोडणी. पुन्हा मारल्या. अशोकनं जीपची किल्ली घेतली. सूनबाईला सेटपाशी बसवून आम्ही तिघं निघालो. भावजींनी मीटर मांडीवर गच्च धरला होता.

शेवटच्या वळणावर छपराच्या वर काहीतरी लखलखलं. अँटेनाला रेशमी लुगडं, कडुलिंबाचा डहाळा, साखरेची गाठी, आणि टोकावर पालथा तांब्या! आक्का उलथनं घेऊन दारात. “सकाळधरनं बोलतीया, कुणी ओ बी देत न्हाई! मेलाय का समदी?”

“आई, गुढी त्याच्यावर कशाला बांधलीस?”

“मग कशावर? बांबू वाळवीनं खाल्ला. आन् एवढी उंच, सरळ काठी हाय का गावात कुणाची?”

अशोक हसला नाही. “आज गुढी, उद्या आणखी काही. अट म्हणजे अट. सामान बांध.”

आक्का जाऊन म्हशीच्या गळ्यात हात टाकून उभी राहिली. भावजी बिजागरीकडं वळले, तशी मात्र ती ओरडली, “हात लावशील तर बघ! दीस बुडल्याबिगर गुडी आडवी हुत न्हाई!”

आली का पंचाईत? गुढी उतरायची नाही, आणि न उतरता रेडिओ बोलायचा नाही.

भावजींनी भिंतीला शिडी लावली. “अशोक, अट सकाळच्या आवाजाची हुती. सकाळ अजून सरली न्हाई. धर शिडी.” अशोकनं तोंड वाकडं केलं, पण धरली. “तांब्यानं काठी लांबल्यागत झालीया. मग आपुन ती आखूड करू.” नळ्यांच्या जोडावरची पट्टी सैल करून ते आतली नळी जराजरा आत सरकवायचे, आक्का सेटचं बटण दाबायची आणि खाली मीटर धरून मी बघायची.

“पडला का काटा, वैनी?”

“न्हाई!”

“आता?”

“आता... पडला, भावजी, पडला!”

आक्का सेटवर ओरडली, “सूनबाई, ऐकू येतंय का गं?”

“आत्याबाई! कवाधरनं बसलीया हितं. आवाज साफ, माणूस खुशाल!”

आक्कानं लेकाकडं बघितलं. “सकाळच हाय न्हवं अजून?”

शिडीवरूनच भावजींनी कुंकू मागितलं आणि नळीवर खूण केली. पुढं सूनबाईच्या नखं रंगवायच्या बाटलीनं ती पक्की केली. एरवी नळी काळ्या खुणेवर, पाडव्याला लाल.

भावजी गेल्या थंडीत गेले, झोपेतच. आवाज नाही, काही नाही. पाडवा आला, तशी मी सकाळीच सेटपाशी जाऊन बसले. फोडणी थांबली आणि अशोकचा आवाज आला. “मामी, लाल खुणेवर आणलीय. ऐकू येतंय का?”

मी बटण दाबलं, तर आधी हुंदकाच गेला. सूनबाईनंच भावजींचं उत्तर दिलं. मागून आक्का, “मग रडतंय कोण तितं? पोळ्या निवतील, वर या म्हनावं!”

तर असे आमचे भावजी. ही जागा तुम्हाला सापडेल; खिंडीत आलात की माणसांना विचारत बसू नका, छपरांकडं बघा. आणि पाडव्याच्या आधीच या. अशोक आता वर चढतो, खाली शिडी धरायला माणूस लागतंय.