केर ऐकणारे आप्पा

कुठलंही रेकॉर्डिंग साफ करून झालं की आप्पा आधी त्यातला केर ऐकायला मागायचे. सॉफ्टवेअरनं नको म्हणून बाजूला काढलेलं सगळं, म्हणजे खरखर, पंख्याची घरघर, खोलीचा घुमारा, वेगळ्या फाइलीत ठेवायचं आणि गाण्याच्या आधी ते लावायचं, असा आमच्या स्टुडिओचा दंडक होता. आप्पा चपला काढून, डोळे मिटून तो केर पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकत बसायचे. बाहेरचा माणूस हे पाहून हसायचा. पहिल्या महिन्यात मीही हसले होते, अर्थात मनातल्या मनात.

स्टुडिओ म्हणजे कडेगावात टायरच्या दुकानावरची एक खोली, भिंतींना गोधड्या ठोकलेली. आप्पा फौजेत सिग्नलला होते. रिटायर होऊन गावी आले तेव्हा भावांनी ऊस वाढवला आणि आप्पांनी माइक घेतला. भजनी मंडळं, लग्नाची गाणी, शाळांची स्वागतगीतं, सगळं चालायचं. पण त्यांचा जीव माण तालुक्यातल्या धनगरी ओव्यांवर. तिकडची माणसं दोन एसट्या बदलून आप्पांकडेच यायची. मी साताऱ्याची, हार्मोनियमच्या परीक्षा दिलेली, लग्न होऊन कडेगावात आलेली. कॉम्प्युटरची बाजू माझ्याकडे होती.

एआयची साधनं यायला लागली तेव्हा मला कोण आनंद झाला. आवाज आणि वाद्यं वेगळी करणारं एक, गोंगाट काढणारं दुसरं, आणि दोन ओळी लिहिल्या की आख्खं गाणं करून देणारं तिसरं. दर आठवड्याला मी नवीन काहीतरी डाउनलोड करून बसायची. आप्पा त्या प्रत्येकाला गडी म्हणायचे. "गडी ठेवायचा तर आठ दिस राबवून बघावा," ते म्हणायचे. "पयल्या दिशी समदेच चांगलं काम करत्यात."

त्यांची परीक्षाही ठरलेली. दहिवडीच्या माळावर त्यांनी कधीतरी मेंढरांचा कळप रेकॉर्ड केला होता, भणाण वाऱ्यात. नव्या गड्याला आधी तेच द्यायचं. एका नावाजलेल्या साधनानं वारा असा काही काढला की मी थक्क झाले. आप्पांनी केर लावला. त्यात वाऱ्याबरोबर मेंढरांच्या गळ्यातल्या सगळ्या घंट्या होत्या. "हुशार हाय, पर ह्यानं मेंढरं बघितली न्हाईत," आप्पा म्हणाले. "घंटी म्हंजी ह्याला कचरा." गाणं करून देणाऱ्याकडून मी ओवी करून घेतली, तीही त्यांनी पूर्ण ऐकली आणि पोट भरलेल्या माणसाचं गाणं आहे, एवढंच बोलून उठले. तरी ते जुनाट विचारांचे नव्हते. गोंगाट काढणारं एक साधन महिनाभर पारखून त्यांनी ठेवून घेतलं. मात्र गिऱ्हाईक समोर बसून ऐकेपर्यंत मूळ फाइल आणि केर पुसायचा नाही, हे मला दहा वेळा बजावलं.

मग त्यांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा सांगलीला डायलिसिसला जावं लागे, आणि त्या दिवशी स्टुडिओत मी एकटी असे.

अशाच एका आठवड्यात माणमधल्या म्हाकूतात्यांची कॅसेट आली होती. तात्या ओव्या गायचे आणि त्यांचा धाकटा भाऊ धुळा झील धरायचा. थोरल्यानं ओळ म्हणायची, धाकट्यानं शेवटचे शब्द झेलून लांबवायचे, तेवढ्यात थोरल्यानं दम घ्यायचा. धुळा जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्याचा आवाज जगात तेवढ्या एका कॅसेटवर उरला होता, आणि म्हणून तात्यांच्या नातवानं ती आणून दिली होती. फीत इतकी कुजलेली की एकदाच धड वाजली. दुसऱ्यांदा लावली तर गुंडाळून तुकडे झाले.

पण त्या एका वेळेत फाइल करून घेतली होती. आप्पा सांगलीला होते. आवाज घुमत होता म्हणून मी घुमारा काढणारं एक नवं साधन लावलं, त्या माळावरच्या परीक्षेला न बसलेलं. काय स्वच्छ आवाज आला! तात्या जणू शेजारी बसून गात होते. मधल्या मोकळ्या जागा मला श्वासाच्या वाटल्या. त्याच संध्याकाळी एका लग्नाच्या गाण्यांचं काम आलं, डिस्क भरलेली होती. मी मूळ फाइल आणि केर दोन्ही पुसून जागा केली. केर ऐकला नाही. घाई होती, दुसरं काही कारण नाही.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी चार ओळी ऐकल्या आणि विचारलं, "धुळा कुठाय?"

कोण धुळा, हेही मला चटकन आठवलं नाही. सारखाच आवाज, शेवटचे तेच शब्द. त्या साधनाला तो थोरल्याचा प्रतिध्वनी वाटला होता. आप्पांनी केर मागितला. मी काय केलं ते सांगितलं. पुसलेलं परत आणायची दोन दिवस खटपट केली, पण त्या जागेवर लग्नाची गाणी बसली होती.

फोनवर सांगून भागण्यासारखं होतं. आप्पा नाही म्हणाले. पाय सुजलेले असताना एसटीनं माणला गेले, मी बरोबर. अंगणात तात्या आणि घरची माणसं बसली. मोबाइलवर ओवी लावली. प्रत्येक ओळ संपली की तात्यांची मान शेजारी वळायची.

"हे एकलंच कोण गातंय?" त्यांनी विचारलं.

"तुमीच, तात्या," आप्पा म्हणाले.

"मी एकला कवा गायलोय?"

आप्पांनी हात जोडले. "धुळाचा आवाज माझ्या हातनं गेला," ते म्हणाले. "आता गावायचा न्हाई."

मी तोंड उघडलं होतं, देवाशपथ उघडलं होतं. आप्पांनी माझ्याकडे फक्त पाहिलं आणि मी ते मिटलं. आत कुठेतरी सुटल्यासारखं वाटलं, हेही खोटं कशाला सांगू? परतीच्या एसटीत मी त्यांना जाब विचारल्यासारखं विचारलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुला अजून लय वर्सं काम करायचं हाय, पोरी. माझं किती ऱ्हायलंय?"

त्यानंतर माणची माणसं यायची थांबली. भांडायला कुणी आलं नाही, वाईटही कुणी बोललं नाही. कॅसेट घेऊन मात्र कुणी आलं नाही. आप्पा सांगलीहून परतले की जिना चढून धापा टाकत आधी विचारायचे, "माणचं कोण आलं हुतं का?" मी नाही म्हणायची. पाच महिने मी नाहीच म्हणत राहिले, आणि एका डायलिसिसच्या दिवशी ते सांगलीहून परतलेच नाहीत.

दहाव्याला म्हाकूतात्या आले. काठी टेकत, दोन एसट्या बदलून. ओसरीवर आप्पांच्या बायकोसमोर, आक्कांसमोर, बसले. आक्का तोंडाला पदर लावून खाली बघत होत्या. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा तात्या बोलत होते.

"माणूस लय चांगला हुता, बाई. पर माझ्या भावाला त्यानं पुसलं."

आक्कांना खरं काय ते माहीत नव्हतं. आप्पांनी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. त्यांनी नुसती मान हलवली, नवऱ्याचा अपराध कबूल केल्यासारखी. तात्यांनी माझ्याकडे पाहून हात पुढे केला. मी त्यांच्या हातात कप दिला, चहा गरम आहे म्हणाले, आणि आत निघून गेले.