वेठ हा शब्द

मंगळवारी फौजदार डिंगोऱ्याला आला आणि दादाला जुन्नरला घेऊन गेला. शाळा सुरू होती. दादाने फळा पुसला, टोपी घातली आणि तो निघाला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. डिंगोऱ्याच्या सरकारी शाळेत तो मास्तर होता. नवरा गेल्यावर मी त्याच्याकडे राहायला आले. घरात आम्ही दोघंच. त्याने मला आधी वाचायला शिकवलं, मग लिहायला. पुढे माझं अक्षर त्याच्याहून बरं झालं, तेव्हा घरातलं लिखाण माझ्याकडे आलं.

त्या वर्षी पावसाळा सरताना मुंबईच्या एका स्नेह्याने त्याला एक इंग्रजी पुस्तिका आणि एक अर्ज पाठवला. आफ्रिकेत काँगो म्हणून मुलूख आहे. युरोपातल्या एका राजाने तो स्वतःची खासगी मालमत्ता करून टाकला होता. तिथल्या लोकांना रानातून रबर आणून द्यावं लागे. कमी भरलं तर शिपाई हात तोडत. विलायतेतली काही माणसं याविरुद्ध देशोदेशीच्या लोकांच्या सह्या जमवत होती. डिंगोऱ्याच्याही जाव्यात असं दादाला वाटलं. पण न समजता कोणी अंगठा लावू नये, म्हणून अर्ज मराठीत करायचं ठरलं. तो सांगे, मी लिही.

"सक्तीने करवून घेतलेली मजुरी," त्याने सांगितलं.

मी टाक थांबवला. म्हटलं, "हे गावात कोणाला कळणार? आपल्याकडे याला वेठ म्हणतात."

त्याने पुस्तिका मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "लिही."

वेठ गावाला ठाऊक होती. हिवाळ्यात साहेब दौऱ्यावर येई, आमराईत तंबू पडत. गवत, जळण, अंडी गावाने पुरवायची. मुक्काम हलला की सामान डोक्यावर घेऊन पुढच्या गावापर्यंत पोचवायचं. नाही म्हणायची सोय नव्हती.

दादाने अर्ज मारुतीच्या देवळापुढे वाचून दाखवला. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारलं, "मास्तर, तिकडं बी मामलेदार असतोय का?"

"असेल. नाव निराळं असेल."

"मंग त्यो आपलाच म्हना की!"

लोक हसले. मग पुस्तिकेतली चित्रं हातोहात फिरली, तेव्हा हसणं थांबलं. म्हाताऱ्याने एक चित्र डोळ्यांजवळ धरलं. म्हणाला, "ह्यांनी अंगठा कुठनं लावायचा? ह्यांचा बी आपुनच लावाया पायजे." आणि पहिला अंगठा त्याने लावला. कच्च्या मसुद्यावरून मी दोन प्रती केल्या होत्या. एक टपालात गेली, एक घरी राहिली.

मार्गशीर्षात साहेबाचा मुक्काम पडला. चपराशी गवताचे भारे मागायला आला. कोणी उठलं नाही.

म्हातारा ओट्यावरून म्हणाला, "आमी अंगठं दिल्यात, राव. वेठ बंद झाली."

"कोणी बंद केली?"

"आता ते इलायतेला इचारा."

दुसऱ्या दिवशी फौजदार आला. तो मंगळवार. घरातली प्रत त्याने दादाबरोबरच नेली.

कचेरीत काय झालं ते दादाने मला एकदाच सांगितलं. मामलेदार गोड बोलले. "मास्तर, नोकरी कशाला घालवता? गैरसमज झाला एवढं लिहून द्या. खेडवळ माणसं, त्यांना आफ्रिका कळली नाही, झालं."

दादा म्हणाला, "आफ्रिका त्यांना कळली."

"आणि वेठ?"

"तीही कळली."

मग त्यांनी कागद पुढे सरकवला. "हे अक्षर कोणाचं?"

"माझं."

त्याच्या अक्षरातले शाळेचे कितीतरी अहवाल त्याच कचेरीत पडले होते. ते ताडून पाहायला कोणी मागवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्याला सोडलं आणि आठवड्याने नोकरीवरून काढलं. तोवर मुक्काम हललाही होता. शिपाई उभे करून सामान त्याच लोकांच्या डोक्यावर दिलं गेलं होतं.

आम्ही मंचरला गेलो. तिथल्या एका मारवाडी कापडव्यापाऱ्याने दादाला घरच्या मुलींना शिकवायला ठेवलं. त्यातल्या निम्म्या पुढे मीच शिकवल्या.

विलायतेचं उत्तर उन्हाळ्यात आलं. डिंगोऱ्याच्या रहिवाशांचे त्यात आभार मानले होते. दादा ते घेऊन डिंगोऱ्याला गेला, मीही गेले. त्याने एकेक ओळ मराठीत सांगितली.

म्हाताऱ्याने विचारलं, "आन् आपल्या वेठीचं काय म्हंत्यात?"

"काही नाही, बाबा."

"मंग त्यांची तरी बंद झाली का?"

"अजून नाही."

म्हातारा काठी टेकत उठला. "बरं," म्हणाला. "ती झाली म्हंजी सांगा."

काही वर्षांनी वर्तमानपत्रात आलं की त्या राजाकडून तो मुलूख काढून घेतला. दादा त्याच सकाळी चालत डिंगोऱ्याकडे निघाला. म्हातारा तेव्हा हयात नव्हता. दादाने ते त्याच्या सुनेला सांगितलं आणि तो परत आला.

अर्जातला तो शब्द मी सुचवला होता, हे तो कधी बोलला नाही. मीही तो विषय काढला नाही. या चैत्रात दादा गेला.

डिंगोऱ्याच्या आमराईत अजून दर हिवाळ्यात तंबू पडतात. विलायतेचं उत्तर आणि अर्जाचा कच्चा मसुदा माझ्या पेटीत आहे. मसुद्यात वेठ हा शब्द तीन ठिकाणी आहे, माझ्या अक्षरात.