पाचापैकी चार

ओहायोतल्या एका लहान गावातली वर्ना स्टॅम्पर अंड्यांच्या कारखान्यात कामाला होती. शाळेत तिने कॉलेजच्या तोडीचे जीवशास्त्र घेतले होते आणि शेवटच्या परीक्षेत पाचापैकी चार गुण मिळवले होते. तेवढ्यावर कॉलेजात तो विषय माफ होतो, असे शिक्षिकेने सांगितले होते. पण त्याच उन्हाळ्यात आईला पक्षाघात झाला आणि गुणपत्रक स्वयंपाकघरातल्या खणात बारा वर्षे पडून राहिले.

आई गेल्यावर वर्ना ते घेऊन विद्यापीठात गेली. तिला नर्स व्हायचे होते. तिथे प्रवेशाच्या खिडकीवर तिच्या शेजारच्या डॉटीकाकूच बसत.

"याचे श्रेयांक मिळतील गं, पण नुसते ऐच्छिक म्हणून," काकू म्हणाल्या. "नर्सिंगला पाच वर्षांपेक्षा जुनं जीवशास्त्र चालत नाही."

"का? माणसाचं काळीज जागेवरून हललं की काय?"

"हललं असलं तरी मला कोण सांगतंय? विषय पुन्हा घे. सोमवार ते गुरुवार, सकाळी नऊला."

"सकाळची माझी पाळी असते, काकू. संध्याकाळी वर्ग नाही का?"

"कधीच नव्हता, पोरी."

पाळी बदलून मिळत नव्हती आणि नोकरी सोडून चालणार नव्हते. वर्नाने गुणपत्रक घडी घालून पर्समध्ये ठेवले.

सोमवारी सकाळी नऊ वाजता ती कारखान्यात अंड्यांच्या सरकत्या पट्ट्यापाशी उभी होती. एकेक अंडे दिव्यापुढे धरून आत रक्ताचा ठिपका दिसतो का ते पाहायचे, एवढेच तिचे काम होते.