बेथलेहेमची शेजारीण

काळेवाडीच्या चर्चमध्ये नाताळची नाटिका सुवार्ता ओहोळनेच लिहायची, हे इतक्या वर्षांत कुणाला ठरवावंही लागलं नव्हतं. दिवसभर चाकणच्या कंपनीत गाड्यांच्या वायरी जोडायच्या, संध्याकाळी घरी येऊन स्वयंपाकाला लागायचं आणि दिवाळी उलटली की वही-पेन घेऊन बसायचं, असा तिचा शिरस्ता. लग्न होऊन श्रीरामपूरकडून आली तेव्हापासून ती लिहीत होती. चर्चच्या मासिकात तिची चिंतनं येत. कुणाचा साखरपुडा असो की घरभरणी, लोक तिच्याकडून चार ओळी लिहून नेत. शब्द तिला कधी मागावे लागले नव्हते.

या वर्षी मात्र पेन हातात धरलं की तिला घरात बसवेना. उठून ओटा पुसायची, पुसलेलाच पुन्हा पुसायची. गॅलरीत जाऊन वाळलेले कपडे चाचपून यायची. परत बसली की कागद होता तसाच.

सुरुवात जमायची, नाही असं नाही. धर्मशाळेचा मालक तिने पुनावळ्याच्या घरमालकासारखा केला होता. मरियेसाठी खोली मागायला आलेल्या योसेफाला तो विचारतो, "फॅमिली आहे का? भाडेकरार केलाय का?" तिथे मुलं हसतील, हे तिला ठाऊक होतं. मग मरिया गोठ्यात यायची, बाळ जन्मायचं आणि मरियेच्या तोंडी पहिलं वाक्य घालायची वेळ आली की सुवार्ताचा हात थांबायचा. लिहिलेलं खोडून ती उठायची.

कारण तिला पक्कं माहीत होतं. कारणाचं नाव वर्षाली.

वर्षाली तिच्याच लाइनवर, समोरच्या वायरिंगच्या बोर्डवर काम करायची. परळीकडची, लग्नानंतर नवऱ्यामागे इकडे आलेली. तिला दिवस गेले तेव्हा सुवार्ताने आईच्या मायेने सगळं केलं. कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसवून तिचा हात हातात घ्यायची आणि प्रार्थना करायची. "तुमचा देव ऐकतो का हो, ताई?" वर्षालीने एकदा विचारलं होतं. सुवार्ता ठामपणे म्हणाली होती, "ऐकतो."

नववा लागला होता. बाळ पोटातच गेलं.

सुवार्ता दवाखान्यात एकदाच जाऊन आली. नंतर फोनवर "येते गं, या रविवारी येते" म्हणत राहिली आणि गेली नाही.

"मागच्या वर्षीचीच नाटिका दे," नवरा रत्नाकर म्हणाला. "मेंढपाळ तेवढे बदल. कुणाच्या ध्यानात येतंय?"

चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "प्रार्थना करा. देव शब्द देईल."

खरी अडचण तिथेच होती. डोळे मिटले की बसमधली तीच प्रार्थना ओठांवर यायची आणि ती डोळे उघडायची.

एका रविवारी उपासना संपली आणि ती घरी न जाता रिक्षात बसली. पुनावळ्याला वर्षालीच्या दारापुढे उभी राहीपर्यंत बोलायची वाक्यं तिने मनात जुळवली होती. वर्षालीने दार उघडलं. केस तसेच, अंगावर नवरा गणराजचा शर्ट. सुवार्ताला त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही.

"मला यायचं धाडस होत नव्हतं," ती म्हणाली.

"कळत होतं मला. या, बसा." वर्षालीने चहा टाकला. "जे येतात ते म्हणतात, दुसरं होईल. तुम्ही नका म्हणू."

"नाही म्हणत."

चहा निम्मा झाल्यावर वर्षालीनेच विषय काढला. मागच्या नाताळला ती चर्चमध्ये आली होती आणि गाढव झालेल्या पोराला बघून पोट धरून हसली होती. "यंदा काय दाखवणार?"

"लिहून होत नाही. बाळापाशी आलं की थांबतंय."

"माझ्यामुळं?"

सुवार्ता खोटं बोलली नाही. "हो."

वर्षालीने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "त्या गावात बाकीच्या बायांना बाळं नव्हती का हो?"

"होती." सुवार्ता अडखळली. मग तिने सांगितलं. नवा राजा जन्मलाय हे हेरोद राजाच्या कानी गेलं. त्याने गावातली तान्ही मुलं मारायला शिपाई धाडले. देवाने योसेफाला स्वप्नात आधीच कळवलं होतं, म्हणून मरिया आणि तो बाळाला घेऊन निघून गेले होते.

"आणि बाकीच्या?"

"शास्त्रात एवढंच आहे, की त्या आया रडत राहिल्या आणि त्यांना कुणाचं सांत्वन नको होतं."

"हे मागच्या वर्षी नव्हतं दाखवलं."

"नाताळला कुणीच दाखवत नाही."

"नको होतं म्हणे," वर्षाली स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "बरोबरच हाय त्यांचं."

परतीच्या रिक्षात सुवार्ताला चैन पडेना. घरी आली, चपला काढल्या आणि साडी न बदलताच लिहायला बसली. आपल्या तान्ह्याची गोधडी मरियेला उसनी देणारी एक शेजारीण. शिपाई येऊन गेल्यावर ती रिकाम्या गोठ्यात येते आणि देवाला विचारते, त्या एकाला तू आधी कळवलंस, मला का नाही? उत्तर येत नाही. एका मेंढपाळाची बायको येऊन तिच्याजवळ बसते आणि काहीच बोलत नाही. मरियेचं पहिलं वाक्यही आता सापडलं. "या गोधडीला दुसऱ्या बाळाचा वास येतोय," ती म्हणते.

पाळकसाहेबांनी वाचून पानं उलटी करून पाहिली. "बाई, याचा शेवट?"

"एवढाच आहे."

"देवाने काही उत्तर द्यायला हवं ना. लोक सणाला येतात."

"मला मिळालं असतं तर लिहिलं असतं, साहेब."

त्यांनी पानं ठेवून घेतली. दोन-तीन दिवसांनी त्यांचा फोन आला. नाटिका करू, पण शेवटी एक गीत ठेवू. गीताला ती हो म्हणाली.

नाताळला हॉल भरला होता. घरमालकावर मुलं हसली. गोठ्यातल्या बाईच्या वेळी मागे कुणाचं तरी पोर रडत होतं, तेवढाच आवाज. "सणासुदीचं हे काय मध्येच," असं कमिटीतल्या एक बाई पुऱ्या वाढताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. म्हाताऱ्या विमलबाईंनी मात्र सुवार्ताला खांबाआड नेलं. स्वतःच्या लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी गेलेल्या तान्ह्या मुलीचं नाव त्यांनी सांगितलं, शलोमी. घरात ते नाव कुणी घेत नव्हतं.

वर्षाली गणराजबरोबर आली होती. गीत सुरू झालं तशी दोघं उठून निघून गेली. सुवार्ता रात्रभर तळमळली. आपण तिचं दुःख स्टेजवर मांडलं की काय, हेच डोक्यात. दुसऱ्या दिवशी फोन वाजला.

"ताई, लाइनवर माझी जागा आहे का अजून? विचाराल?"

"विचारते. काल तुला..."

"ती दुसरी बाई गप बसली, ते बरं केलंत," वर्षाली म्हणाली आणि शिफ्टच्या वेळा विचारू लागली.

त्यानंतर सुवार्ता पूर्वीसारखी भराभर लिहू लागली, असं झालं नाही. मासिकाचं चिंतन उशिराच जातं. प्रार्थनेला बसली तर आधी त्या शेजारणीचाच प्रश्न विचारते, मला का नाही कळवलंस. मग लिहायला घेते.